मागचं चाक या समुद्रात

दर दिवाळीच्या आधी आमच्या घरात माळ्याचं उत्खनन होतं. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेली वस्तू निदान जपून ठेवण्याची पद्धत होती. आमच्याकडे सापडली की टाकली, असा शिरस्ता आहे. बायको शिडीवर उभी राहून एकेक वस्तू खाली देते, मी खाली उभा राहून "अगं, हे राहू दे" म्हणतो, आणि ती वस्तू संध्याकाळपर्यंत रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसते. माझी कॉलेजातली बॅडमिंटनची रॅकेट अशीच गेली. 'एक व्हॉल्व्ह बदलला की वाजेल' असा गेली वीस वर्षं माझा दावा असलेला रेडिओ गेला. लग्नात मिळालेल्या सात लेमन सेटांपैकी सहा गेले.

राहिली फक्त एक बाटली. खोकल्याच्या औषधाची, बुचाची, तपकिरी काचेची. तिच्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी डकवलेली आहे: 'अरबी समुद्र. 11-12-1977. हलवू नये.' ही बाटली बायको दर वर्षी खाली काढते, फडक्यानं पुसते आणि एक शब्दही न बोलता पुन्हा होती तिथं ठेवून देते. माझ्या एवढ्या वस्तूंमध्ये हिला एकटीलाच हे अभय का, हे मी कधी विचारलं नाही. बायकोला इतिहासाची चाड आहे, असं मी मनाशी धरून चाललो होतो. संसारात काही गोष्टी विचारायच्या नसतात.

यंदा शिडीखाली नात उभी होती. तिनं चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "आजोबा, समुद्राचं पाणी तुम्ही बाटलीत का भरलंत? समुद्र आटणार होता का?"

प्रश्न सरळ होता. उत्तर द्यायला मात्र मला 1884 सालापर्यंत मागं जावं लागलं.

त्याचं असं आहे की मनुष्यप्राण्याला दोन समुद्रांच्या मध्ये जमीन दिसली, की ती ओलांडावीशी वाटते. का, ते विचारू नये. आपल्याकडे काशीची गंगा रामेश्वराला आणि रामेश्वराची वाळू काशीला नेण्यात पिढ्याच्या पिढ्या पायी झिजल्या. गंगेला वाळूची टंचाई होती किंवा रामेश्वराच्या समुद्राला पाणी कमी पडत होतं, असं काही नव्हतं. पण नेणारा नेत होता. अमेरिकेत हीच खोड माणसाला सायकलवर बसल्यावर जडली.

तिथला आद्य यात्रेकरू म्हणजे टॉमस स्टीव्हन्स. मूळचा इंग्रज, 1854 सालचा जन्म, तरुणपणी अमेरिकेत गेलेला. कोलोरॅडोतल्या एका खाणीत काम करता करता त्याच्या डोक्यात आलं, की सायकलवरून अख्खी अमेरिका पार करावी. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वेळी त्याला सायकल चालवता येत नव्हती. असल्या क्षुल्लक गोष्टींना थोर माणसं अडत नाहीत. तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, सायकल घेतली आणि शिकला.

आणि सायकल तरी कसली? आपली नव्हे. पुढचं चाक 50 इंचांचं, मागचं ताटलीएवढं, आणि माणूस त्या पुढच्या चाकाच्या डोक्यावर. चेन नाही, फ्रीव्हील नाही. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. रस्त्यात मूठभर दगड आला, की चाक थांबायचं आणि स्वार पुढं जायचा, डोकं खाली करून. आमच्या लहानपणी भाड्याच्या सायकलवरून आम्हीही पडलो, पण ते बाजूला. बाजूला पडण्यात थोडी अब्रू राहते. स्टीव्हन्सच्या काळी माणूस पडायचा तो साष्टांग नमस्कारच घालायचा.

22 एप्रिल 1884 रोजी सकाळी आठ वाजता हा गृहस्थ निघाला. सामान किती? पायमोजे, एक जादा सदरा, एक रेनकोट आणि एक पिस्तूल. रेनकोट हाच तंबू आणि रेनकोट हेच अंथरूण. आमच्या घरी तळेगावला एका रात्रीसाठी जायचं तर चार पिशव्या होतात, आणि टॉवेल तरीही राहतो.

निघाला खरा, पण रस्ता कुठं होता? अमेरिकेत त्या वेळी आगगाडी होती, रस्ते नव्हते. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, वाळू, चिखल आणि मधूनमधून रेल्वेचे रूळ. सिएरा नेवाडाच्या डोंगरात बर्फ एवढं, की रुळांवर मैलोन् मैल लाकडी छपरं घातलेली. स्टीव्हन्स सायकल ढकलत त्या काळोख्या बोगद्यातून चालला. मागून गाडी आली, की अंग चोरून भिंतीला चिकटून उभं राहायचं, गाडी धुरासकट निघून गेली, की पुढं. नेवाडाची वैराणं, युटाचं खारट सरोवर, वायोमिंगचं पठार, नेब्रास्काची सपाटी असं करत करत 4 ऑगस्टला दुपारी तो बॉस्टनला पोचला. सुमारे 3,700 मैल. एकूण साडेएकशेतीन दिवस. त्यांतले वीस पावसापाण्यात बसून गेले, म्हणजे प्रत्यक्ष प्रवास साडेत्र्याऐंशी दिवसांचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचा आकडा पुढंच आहे. एकतृतीयांशाहून जास्त वाट तो चालला. सायकल हातात धरून.

हे वाचलं तेव्हा मला स्टीव्हन्स एकदम घरचा वाटायला लागला. सायकल हातात धरून चालण्याच्या कलेत मी आयुष्यात कुणाला हार गेलेलो नाही.

पुढं त्यानं त्याच जातीच्या सायकलवरून जगाची फेरीही केली. 1886 साली तो आपल्याकडेही येऊन गेला: कराचीला बोटीनं, लाहोरपर्यंत रेल्वेनं आणि तिथून ग्रँड ट्रंक रोडनं कलकत्त्यापर्यंत सायकलवर. शेरशहाच्या त्या रस्त्याची त्यानं मनापासून तारीफ केली. करणारच. अमेरिका त्यानं रुळांवरून ओलांडली होती. डिसेंबर 1886 मध्ये योकोहामाला फेरी संपली. सायकल बनवणाऱ्या कंपनीनं त्याची ती सायकल मोठ्या निगुतीनं जपून ठेवली. दुसऱ्या महायुद्धात भंगार गोळा करण्याची मोहीम निघाली, तेव्हा तीत ती देऊन टाकली. हे वाचून मला रडू यावं की हसू, कळेना. माळ्याखाली उभं राहून "हे राहू दे" म्हणणारा माणूस त्या कंपनीतही असणार. त्याचंही कुणी ऐकलं नसणार.

स्टीव्हन्सचे हाल पाहून अमेरिकेतले सायकलवाले जागे झाले, असं म्हणणं फार होईल. कारण ते आधीच जागे होते, त्यांचंही रोज कपाळ फुटत होतं. 1880 साली त्यांनी आपली एक राष्ट्रीय संघटना काढली आणि 'रस्ते करा, रस्ते करा' म्हणून सरकारच्या मागं लागली. 1892 मध्ये तर 'गुड रोड्स' नावाचं मासिकच काढलं. निव्वळ रस्त्यावर मासिक! आपल्याकडे कुणी खड्ड्यांवर काढलं, तर दैनिक चालेल. हळूहळू रस्ते झाले. आणि रस्ते झाल्यावर त्यांवर कोण आलं? मोटार! 1903 साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाचा एक डॉक्टर पन्नास डॉलरच्या पैजेवर सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला 63 दिवसांत मोटारीनं गेला. बरोबर एक मेकॅनिक आणि वाटेत घेतलेला एक कुत्रा. धुळीनं डोळे चुरचुरतात म्हणून त्या कुत्र्यालाही गॉगल. तेव्हापासून रस्ता मोटारीचा झाला आणि ज्यानं भांडून तो करून घेतला, तो सायकलवाला कडेच्या मातीत गेला. शेत एकानं नांगरायचं आणि पीक दुसऱ्यानं न्यायचं, हा न्याय अमेरिकेतही चालतो हे पाहून बरं वाटलं.

आता 1970 च्या आसपास या. दोन जोडपी, सिपल आणि बर्डन. ही मंडळी अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत सायकलनं निघाली होती. 1973 साली मेक्सिकोत असताना त्यांच्या मनात आलं, की 1976 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होतील. काहीतरी करू या. ग्रेग सिपलची मूळ योजना फारच सोपी होती. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, की अमुक तारखेला नऊ वाजता सायकल घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये या, आपण देश ओलांडू. बस! कार्यक्रमाची पत्रिका एका ओळीची. आमच्या सोसायटीत कोजागिरीचं दूध ठरवायला तीन सभा लागतात.

पुढं त्याला शिस्त आली. नकाशे झाले, मोटारींची वर्दळ नसलेले आडरस्ते शोधले गेले, मोंटाना राज्यातल्या मिझूलाला कचेरी झाली. नाव पडलं 'बाइकसेन्टेनिअल'. वाट ठरली ती पॅसिफिकच्या बाजूला ऑरेगनच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या बाजूला व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत, दहा राज्यांतून, सुमारे 4,250 मैल. हे यॉर्कटाउन म्हणजे 1781 साली जिथं लॉर्ड कॉर्नवॉलिस वॉशिंग्टनला शरण गेला ते गाव. तिकडे नाक कापलं गेल्यावर पाच वर्षांनी तो आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. साहेबांची बदली पहिल्यापासून अशीच होते.

1976 च्या त्या उन्हाळ्यात चार हजारांवर माणसं या वाटेला लागली आणि त्यांतली दोन हजारांच्या आसपास तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. यांत पैलवान थोडे. बाकी मास्तर, विद्यार्थी, पेन्शनर, कारकून, घरदार असलेल्या बाया. रात्री शाळांच्या नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये पथारी टाकायची, सकाळी उठून पायडल मारायचं. दिंडीच म्हणा. कोलोरॅडोत हूझियर खिंड चढायची, ती 11,542 फुटांची. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवा आणि वर आणखी सातशे फूट चढा. ती उतरून पुढं गेलं, की कॅन्सस. कॅन्ससमध्ये काही नाही. गव्हाची शेतं, सरळ रस्ता आणि वारा. वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेकडून निघावं, असं जाणते सांगतात. पश्चिमेकडून निघालेले सांगतात, की तो तोंडावरच होता. पूर्वेकडून निघालेलेही तेच सांगतात. हे गणित मला सोडवता आलेलं नाही, पण लक्ष्मी रोडवर अनुभव तोच. मग केंटकीत कुत्री. तिथल्या कुत्र्यांचा सायकलवाल्यांच्या पोटऱ्यांवर विशेष लोभ, अशी त्यांची ख्याती आहे.

पण या सगळ्यात मला लोभ जडला तो जून करी या बाईंचा. व्हर्जिनियात ॲफ्टन नावाच्या डोंगरावर एका चढाच्या कडेला यांचं घर. 1976 साली घामाघूम झालेली सायकलवाली पोरं दाराशी पाणी मागायला लागली. बाईंनी पाणी दिलं. नुसतं पाणी काय द्यायचं म्हणून बिस्किटं भाजली. दुसऱ्या दिवशी आणखी पोरं. पुन्हा बिस्किटं. पुढं त्यांना मुक्कामाला एक घरच मोकळं करून दिलं. हे एक वर्ष नव्हे, दोन वर्षं नव्हे, तीसहून जास्त वर्षं चाललं. त्यांना 'कुकी लेडी' म्हणूनच सगळे ओळखायचे. 2012 साली त्या गेल्या. आपल्या एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ती गोष्ट आपण शाळेत वाचली. या बाईंनी ती वाचली नव्हती. वाचल्यावाचून केली.

या वाटेचा एक विधी आहे. निघताना सायकलचं मागचं चाक एका समुद्रात बुडवायचं आणि पोचल्यावर पुढचं चाक दुसऱ्या समुद्रात. मंत्र नाही, दक्षिणा नाही. इंग्लंडातही तेच. तिथं 1994 साली आयरिश समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंत 'सी टू सी' नावाची वाट झाली. जेमतेम 140 मैलांची. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उखडून मोकळ्या झालेल्या जागेवरून बरीचशी जाते. स्टीव्हन्सला रुळांवरून जाताना गाडीची धास्ती होती, इथं गाडीनंच वाट सोडून दिली. चार दिवसांत संपते, पण चाक बुडवल्याशिवाय कुणी घरी जात नाही.

आता माणूस म्हटला की शर्यत आली. 1982 मध्ये चौघे जण अमेरिका ओलांडण्याची शर्यत लावून निघाले आणि लॉन हाल्डमन हा पठ्ठ्या पॅसिफिकपासून न्यूयॉर्कला 9 दिवस 20 तासांत पोचला. ही शर्यत पुढं दर वर्षी व्हायला लागली. 2015 साली नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, यांनी दोघांच्या गटात ती पुरी केली. 2017 साली श्रीनिवास गोकुळनाथ एकट्यानं ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले आणि त्याच वर्षी आमच्या नागपूरचे अमित समर्थही एकट्यानं पोचले. त्याआधी, 1923 साली मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे जगाची फेरी करून 1928 साली परतले, तेव्हा वाटेत अमेरिकाही सायकलवरूनच पार करून आले होते. तेव्हा हे आपल्या रक्तात नाही, असं म्हणायला मला जागा राहिलेली नाही. माझ्या रक्तात नाही, एवढंच.

आणि इथं बाटली येते.

1977 साली मी आणि नाना एकाच बँकेत कारकून होतो. पुणं तेव्हा सायकलींचं गाव होतं. सायकलला महानगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला, की पोलीस धरायचा आणि डबलसीट दिसली, की शिट्टी वाजायची. नानाला रद्दीच्या दुकानात एक अमेरिकन मासिक सापडलं. त्यात ही सगळी हकिगत, फोटोंसह. नाना रात्रभर झोपला नाही. सकाळी बँकेत येऊन मला म्हणाला, "अरे, आपल्याकडेही दोन समुद्र आहेत!"

भूगोल निर्विवाद होता. पुण्याहून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत रस्ता पूर्वेला जातो. बंगालच्या उपसागरावरच्या मछलीपट्टणपर्यंत सुमारे 840 किलोमीटर. पण समुद्र ते समुद्र म्हणायचं, तर निघायला हवं अलिबागहून, आणि रजा नऊ दिवसांची. तेव्हा नानानं तोड काढली. एका रविवारी मेव्हणीच्या साखरपुड्याला तो अलिबागला गेला आणि समुद्रच बाटलीत भरून घेऊन आला. 24 डिसेंबरला पहाटे पाच वाजता, आमच्या वाड्याच्या दारात, आम्ही त्या पाण्याचे चार थेंब दोन्ही सायकलींच्या मागच्या चाकांवर शिंपडले. उरलेलं पूर्वसमुद्राला वाहायचं म्हणून पिशवीत ठेवलं. नानाच्या आईनं दोघांच्या हातावर दही ठेवलं. माझ्या आईनं "कुठं निघालात?" विचारलं. मी "सोलापूर रस्त्यानं" म्हणालो. खोटं नव्हतं.

हडपसर, लोणी, उरुळी, यवत. यवतपर्यंत मी स्टीव्हन्स होतो. पाटसला फक्त स्टीव्हन्सचा रेनकोट उरलो. वारा तोंडावर होताच. नाना पुढं. त्याची पाठ एकसारखी हलत होती, एखादं शिवणयंत्र चालावं तशी. रात्री भिगवणला एका हॉटेलच्या बाकड्यांवर झोपलो. सकाळी उठलो तर जिथं जिथं माझा आणि सीटचा संबंध आला होता, तिथं तिथं मी नव्हतोच, आग होती. तरी इंदापूर गाठलं. तिथं चहा पिताना मी मैलाच्या दगडावर 'हैदराबाद' आणि पुढचा आकडा पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. घर आठवलं. आईच्या हातची आमटी आठवली. कधी नव्हे ती बँकही आठवली.

मी नानाला म्हणालो, "गुडघा गेला रे."

नाना माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग "असू दे" एवढंच म्हणाला. एकटा पुढं जाऊ शकला असता. मीच तसं म्हणालोही. नाही गेला. दोन्ही सायकली एस.टी.च्या टपावर चढवल्या, दोन्ही सायकलींचं लगेज त्यानंच दिलं आणि स्वारगेटपर्यंत माझा गुडघा बाम लावून चोळत बसला. बाटली माझ्या पिशवीत राहिली. त्यानंतर या विषयावर आमच्यात अवाक्षर नाही. लग्नं झाली, मुलं झाली, बढत्या झाल्या. गेल्या वर्षी नानाचे दोन्ही गुडघे बदलले. माझे दोन्ही ठणठणीत आहेत. देवाच्या दरबारी हिशेब चुकत नाही म्हणतात, तो चुकलेला मी या डोळ्यांनी, आणि या गुडघ्यांनी, पाहिला आहे.

नातीला एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पण तुमचा गुडघा खरंच दुखत होता?"

मुलांना प्रश्न विचारू देऊ नये ते एवढ्यासाठी. मी "नाही" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. आणि म्हणालोच आहे तर पुरं करावं म्हणून फोन उचलून नानालाही सांगितलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हसण्याचा आवाज. "गाढवा, मला काय ठाऊक नव्हतं? स्टँडवर शिरताना तू डाव्या पायानं लंगडत होतास आणि उतरताना उजव्या!"

"मग मला चोळत का बसलास?"

"तू म्हणालास दुखतोय. मी काय सिव्हिल सर्जन होतो?" मग जरा थांबून म्हणाला, "बाटली आहे का रे?"

"आहे. अजून भरलेली आहे."

"मग जाऊ या. आता पायडल नाही जमणार. माझ्या मुलाची गाडी आहे, सायकली मागं टाकू. शेवटचे दोन-चार किलोमीटर बघू काय होतं ते. पुढचं चाक बुडवायचं राहिलंय."

मी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं स्वयंपाकघरात जाऊन ही वार्ता सांगितली. बायको चकल्या पाडत होती. तिचा हात थांबला.

"अहो," ती म्हणाली, "ती बाटली नका नेऊ."

"का?"

"1984 च्या दिवाळीत मी ती काढली, तर बूच सुकलेलं आणि पाणी सगळं उडून गेलेलं. तळाशी नुसता मिठाचा थर. तुम्ही किती मनाला लावून घ्याल, म्हणून मी नळाचं पाणी भरलं. नंतरही कमी झालं, की घालत होते."

म्हणजे चाळीस वर्षं मी पुणे महानगरपालिकेचं पाणी ऐतिहासिक ठेवा म्हणून जपत होतो! आणि जपत तरी कुठं होतो? जपत ती होती. मी फक्त चिठ्ठी लिहिली होती.

नानाला पुन्हा फोन केला. आज फोनवर सगळेच खरं बोलत होते, तेव्हा हेही सांगितलं. पण उत्तर दिलं ते नातीनं. माझ्या शेजारी उभी राहून ती ऐकत होती.

"आजोबा, नळाचं पाणी म्हणजे खडकवासल्याचं ना? खडकवासल्यात पावसाचं येतं. आणि पाऊस अरबी समुद्रावरून येतो. मग ते अरबी समुद्राचंच झालं की! आणि मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा तुमच्या त्या मछलीपट्टणच्या जवळच समुद्रात जाते. आम्हाला आहे पुस्तकात."

फोनच्या दोन्ही बाजूंना दोन निवृत्त कारकून गप्प झाले. आम्ही इंदापूरहून परत फिरलो, तेव्हा उत्तरेला थोड्याच अंतरावर भीमा वाहत होती. जे आम्हाला जमलं नाही ते ती रोज करत होती, रजेचा अर्ज न देता, पंक्चर न होता, गुडघ्याची तक्रार न करता.

"शिवाय मीठ तर अलिबागचंच आहे," नाना शेवटी म्हणाला. "बाटली घे. आणि वहिनींनाही घे. पाणी कमी झालं तर वाटेत घालायला कोण?"

संक्रांतीनंतर निघायचं ठरलं आहे. सायकल दुकानात टाकली आहे. पुढच्या चाकाचा आऊट काढायला सांगितलाय. बुडवायचं तेच आहे.